साठीनंतर राहायचं कुठं? घर विकायच्या आधी काय काय बघायचं, पायरी पायरीने

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय बहुतेक दोनच वेळा निघतो. एकतर कुणीतरी बाथरूममध्ये पडलेलं असतं, नाहीतर कुणाची तरी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असते, आणि दोन्ही वेळा घाई असते. डिस्चार्ज उद्या आहे, मुलगा बेंगलोरहून दोन दिवसांची रजा काढून आलाय, आणि त्या दोन दिवसांत आईने पुढची वर्षं कुठं काढायची ते ठरवायचं. असं ठरवलेलं नीट कसं होणार सांगा. म्हणून हे सविस्तर लिहितेय, स्वतःसाठी विचार करणाऱ्यांसाठी पण आणि आई-बाबांसाठी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी पण. उदाहरणं जास्त करून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटची आहेत कारण माझ्या आजूबाजूला तेच आहे, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर कुठंही थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. जे परत फिरवता येतं ते आधी करा, जे फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. बाथरूम बदलणं, बाई ठेवणं, महिनाभर दुसरीकडे राहून बघणं, घर भाड्याने देणं हे सगळं फिरवता येतं. घर विकणं आणि घर मुलांच्या नावावर करून देणं हे फिरवता येत नाही, निदान सहजासहजी तर नाहीच. लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात.

आधी कागद घेऊन बसा

कुठल्याही प्रोजेक्टचं ब्रोशर बघायच्या आधी हे करायचं. दोघं असाल तर दोघांचं वेगवेगळं लिहायचं, "आमचं" असं एकत्र नाही, कारण नव्वद टक्के घोटाळा इथंच होतो. काकांना गुडघे आहेत पण डोकं तल्लख, काकूंना चालता येतं पण विसरायला व्हायला लागलंय, असं असेल तर दोघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या आहेत आणि सध्या ते दोघं एकमेकांच्या आधाराने निभावतायत म्हणून बाहेरच्याला काही दिसत नाही.

काय लिहायचं: अंघोळ, संडास, कपडे घालणं, जेवणं, पलंगावरून उठणं-बसणं, यातलं कशाला मदत लागते. मग दुसरी यादी, स्वयंपाक, औषधं वेळेवर घेणं, बँक आणि मोबाईल, रिक्षा किंवा ओला करून एकट्याने जाऊन येणं. पहिल्या यादीत काहीच मदत लागत नसेल आणि दुसऱ्या यादीत एखाद-दुसरं असेल तर घर बदलायची गरज नाही, सोय करायची गरज आहे. पहिल्या यादीत दोन गोष्टी आल्या की मात्र रोज माणूस लागणार हे धरून चाला.

त्याच कागदावर दोन प्रश्न अजून. रात्री दोन वाजता पडलो तर वीस मिनिटांत कोण पोचेल, नाव लिहा. "मुलगा आहे ना" हे उत्तर नाही, मुलगा हिंजवडीला आणि तुम्ही सिंहगड रोडला असाल तर शेजारचे कोण ते लिहा. आणि दुसरा, आपल्यातलं एक गेलं तर दुसऱ्याला याच घरात एकट्याने राहायला आवडेल का, जमेल का. हा प्रश्न काढला की घरात सगळे गप्प होतात, पण विचारायलाच हवा, आणि शक्यतो ज्याच्याबद्दल विचारतोय त्यालाच विचारायचा, त्याच्या पाठीमागे मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

आहे ते घर दुरुस्त करून बघा

खरं सांगायचं तर बहुतेक लोकांना आपल्याच घरात राहायचं असतं, आणि ते पुष्कळ वर्षं जमू शकतं, फक्त घर पस्तिशीतल्या माणसासाठी बांधलेलं असतं ते पंचाहत्तरीच्या माणसासाठी करून घ्यावं लागतं.

सुरुवात बाथरूमपासून. हँडल बसवायचे म्हणजे टॉवेलचा रॉड नव्हे, टॉवेलचा रॉड माणसाचं वजन घेत नाही, पाय घसरला की रॉडसकट खाली येतो. स्टेनलेस स्टीलचे जाड ग्रॅब बार मिळतात, एक कमोडच्या बाजूच्या भिंतीला, एक शॉवरजवळ आणि जमलं तर एक दारातून आत शिरताना हाताशी. बसवणाऱ्याला एक गोष्ट विचारायची, भिंत कशाची आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये विटा असतात, तिथं लांब स्क्रू चांगला धरतो. नव्या बिल्डिंगमध्ये सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू मारला तर वरवर घट्ट वाटतो पण जोरात ओढलं की भुगा होऊन बाहेर येतो. त्या भिंतीला केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) नाहीतर आरपार बोल्ट करून पलीकडून प्लेट लावतात तसं करून घ्या. बसवून झालं की घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दोन्ही हातांनी लटकून बघायचं, मगच पैसे द्यायचे.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या किंवा सरकतं करा. कारण साधं आहे, आत माणूस पडला तर तो दाराला आडवा पडतो आणि दार उघडत नाही. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच लावा. उंबरठा असेल तर फोडा, पाणी बाहेर येतं म्हणून ठेवलेला असतो पण त्यासाठी उतार नीट करता येतो. लाद्या गुळगुळीत असतील तर सगळ्या बदलायची गरज नाही, वरून खरखरीतपणा आणणारं कोटिंग करून मिळतं, रबरी मॅट मात्र नको, तिची कड दुमडली की तीच पाडते. कमोड बुटका असेल तर वर उंची वाढवणारी सीट बसते. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल चालणार नाही, रबरी बुटांचं पाठ असलेलं शॉवर चेअर घ्या, आणि हँड शॉवर.

बाकी घरात रात्री पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे लावा, खर्च किरकोळ आणि फायदा फार मोठा. गालिचे, पायपुसणी, मोबाईलच्या चार्जरच्या वायरी वाटेतून काढा. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा म्हणजे माळ्यावर चढणं बंद. स्वयंपाकघरात गॅस लीक झाल्यावर वाजणारा डिटेक्टर लावा आणि विसरायचा त्रास सुरू झाला असेल तर चहापुरती इंडक्शन शेगडी.

मग सोसायटी. लिफ्ट आहे का, असेल तर दार तुमच्याच मजल्यावर उघडतं का अर्ध्या जिन्यावर, पुण्यातल्या कितीतरी जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि सात-आठ पायऱ्या चढाव्याच लागतात. लाईट गेल्यावर लिफ्ट चालते का. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत दोन पायऱ्या असतील तिथं रॅम्प मागा, उतार एकास बारा म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, यापेक्षा तीव्र रॅम्पवर व्हीलचेअर ढकलणारा पण पडतो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. हे सगळं वार्षिक सभेत लेखी द्या, एकट्याने न देता बिल्डिंगमधल्या पाच-सहा ज्येष्ठांच्या सह्या घेऊन द्या. तिसऱ्या मजल्यावर आहात आणि लिफ्ट होणारच नाही अशी परिस्थिती असेल तर त्याच बिल्डिंगमध्ये किंवा गल्लीत तळमजल्याचा किंवा लिफ्टवाला फ्लॅट भाड्याने घेऊन आपला भाड्याने देता येतो का बघा. ओळखीचा वाणी, डॉक्टर, देऊळ, कट्टा सगळं तसंच राहतं आणि जिना तेवढा सुटतो. लोकांना हा पर्याय सुचतच नाही.

रीडेव्हलपमेंट चाललं असेल तर ज्येष्ठांनी दोन गोष्टी धरून बसा. एक, पर्यायी जागेचा करार प्रत्येकाच्या नावाने रजिस्टर झाल्याशिवाय घर रिकामं करायचं नाही, बाकीचे कितीही घाई करोत. दुसरं, प्लॅन कागदावर असतानाच आपल्या फ्लॅटमधलं बाथरूमचं दार रुंद, उंबरठा नको, ग्रॅब बार लावायच्या जागी भिंत भक्कम हे लिहून मागायचं, तेव्हा फुकटात होतं, ताबा मिळाल्यावर तोडफोड करावी लागते. आणि एक हिशोब स्वतःशी करा: दोनदा सामान हलवायचं आहे, मधली काही वर्षं भाड्याच्या घरात, आणि नव्या टॉवरचा मेंटेनन्स आत्ताच्या कितीतरी पट. पेन्शनमध्ये तो बसतो का ते आत्ताच बघा.

घरात माणूस आणताना

डबा, पोळ्यावाल्या मावशी, वरकामाची बाई हे आपल्याला माहीतच आहे. ब्युरोकडून, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई किंवा मामा ठेवायची वेळ येते तेव्हा गडबड होते. ब्युरोला फोनवरच विचारा की ही व्यक्ती पलंगावरून खुर्चीत उचलून बसवण्याचं काम केलेली आहे का, डायपर बदलते का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार आणि ते किती वाजेपर्यंत कळवणार. जेवण कुणाचं, झोपायची जागा कुठं, हे आधी बोलून घ्या. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी राहणारी बाई नव्हे, तिलाही सलग झोप लागते, रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी अशीच माणसं लागतात. आधार कार्डाची कॉपी, फोटो, पोलिस व्हेरिफिकेशन करायचंच, यात अपमान काही नाही. आणि तिच्याशी माणसासारखं वागा, चहा वेगळ्या कपात देणाऱ्या घरात चांगली बाई टिकत नाही आणि टिकू पण नये.

घराची एक किल्ली शेजारी. दारावर आतून फक्त लॅच, वरची कडी रात्री लावायची नाही, कारण कडी लावली की किल्ली असून उपयोग नाही. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर, टोल फ्री आहे, फ्रीजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

मुलांकडे जायचं असेल तर

एकाच घरात राहणं हा एक मार्ग आहे, पण माझ्या बघण्यातले जास्त सुखी लोक ते आहेत जे मुलाच्या किंवा मुलीच्या सोसायटीतच वेगळ्या छोट्या फ्लॅटमध्ये राहतात. वन बीएचके भाड्याने, जेवण कधी इकडे कधी तिकडे, आपला टीव्ही आपल्या आवाजात. मुलीकडे कसं राहायचं हा प्रश्न अजून काही घरांत काढतात, माझं स्पष्ट मत आहे की जी काळजी घेते तिच्याजवळ राहावं, बाकी लोकांचं बोलणं चार दिवसांत संपतं.

जाताना आपला फ्लॅट विकू नका. लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने द्या, तो करार रजिस्टर करणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, हल्ली ऑनलाईन घरबसल्या होतं. मुदत संपून भाडेकरू निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, साध्या कोर्टापेक्षा तो रस्ता छोटा आहे, पण त्यासाठी करार नोंदलेला हवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत.

परदेशातल्या मुलांकडे कायमचं जायचा विचार करणाऱ्यांनी व्हिसा नीट बघावा. अमेरिकेत व्हिजिटर म्हणून एका वेळी साधारण सहा महिने राहायला मिळतं, ते जाऊन येण्यासाठी, तिथं राहायची योजना म्हणून नाही, आणि तिथला दवाखान्याचा खर्च ट्रॅव्हल इन्शुरन्समधून पूर्ण निघेल असं समजू नका, आधीपासून असलेल्या आजारांना मर्यादा असतात. कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो पण त्यातही मेडिकल इन्शुरन्स आधी दाखवावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवता येत नसेल तर तिकडच्या उपनगरात दिवसभर घरातच बसावं लागतं. हिवाळ्यात एकदा राहून बघा, उन्हाळ्यात सगळंच छान वाटतं.

गावी जायचं असेल तर

रिटायर झाल्यावर कोकणात गावी घर बांधून राहायचं हे कित्येकांचं स्वप्न असतं आणि मला ते मनापासून आवडतं. फक्त पावसाळ्यात सलग महिना राहून बघा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, लाईट दोन दोन दिवस नाही, आणि छातीत दुखलं तर अँजिओग्राफी होईल असं हॉस्पिटल गाडीने किती तासांवर आहे ते खरोखर जाऊन मोजा, नकाशावर नाही. साठ ते बहात्तर-पंचाहत्तर गावी आणि नंतर शहरात, असा टप्पा ठरवून जाणाऱ्यांचं चांगलं चालतं, पण त्यासाठी शहरातली छोटी जागा हातात राहिली पाहिजे.

सीनियर लिव्हिंग प्रोजेक्ट

आपल्याकडे हे आता बऱ्यापैकी रुळलंय. पुण्यात परांजपे स्कीम्सचे अथश्री प्रोजेक्ट वर्षानुवर्षं चालू आहेत, लवासाला आशियानाचं उत्सव आहे, अजून पण कंपन्या येतायत. यात ढोबळ तीन प्रकार. फ्लॅट विकत घ्यायचा, मोठी परत मिळणारी डिपॉझिट भरून राहायचं, किंवा सरळ महिन्याच्या भाड्याने.

विकत घेत असाल तर महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत ते आधी वाचा, कारण त्या आधी कुणीही चार बाकडी टाकून सीनियर सिटिझन प्रोजेक्ट म्हणून विकत होता. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि एका ओळीत १२ पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, लिफ्ट, रॅम्प, बाथरूममध्ये ग्रॅब रेल आणि न घसरणाऱ्या लाद्या, पॉवर बॅकअप अशा गोष्टी त्यात आहेत. टेप घेऊन जा आणि सँपल फ्लॅटमध्ये स्वतः दार मोजा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का विचारा, नुसतं विचारू नका, लिफ्टची खोली पण मोजा.

मग करारातल्या गोष्टी, आणि इथं भरपूर वेळ घालवा. वारसांना फ्लॅट मिळतो पण ते ठरलेल्या वयाखालचे असतील तर राहू शकत नाहीत अशी अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणजे नंतर विकायचा झाला तर गिऱ्हाईक पण ज्येष्ठच लागणार, हे मुलांना आत्ताच सांगा. महिन्याचे चार्जेस दरवर्षी किती वाढणार याला कागदावर मर्यादा आहे का. जेवण घेतलं नाही तरी पैसे लागतात का. बिल्डर बाहेर पडल्यावर मेस, नर्स, अँब्युलन्स हे कोण चालवणार, कारण इमारत चांगली असून चालवणारी संस्था बदलल्यावर सगळं ढेपाळलं असं होतं. आणि सगळ्यात कळीचा प्रश्न: मी अंथरुणाला खिळले किंवा मला डिमेन्शिया झाला तर इथंच ठेवणार की घेऊन जा म्हणणार. याचं उत्तर तोंडी गोड मिळतं, लेखी मागा. कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं की राहणारा स्वतःची कामं स्वतः करू शकणारा असावा. मग ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी पुन्हा शोधाशोध.

डिपॉझिटच्या मॉडेलमध्ये किती टक्के कापून परत देणार, किती दिवसांत देणार, माणूस गेल्यावर नवा रहिवासी मिळेपर्यंत थांबवणार का, हे बघा. अजून एक, आपलं जुनं घर विकून आलेला पैसा दुसरं घर घेण्यात घातला तर कॅपिटल गेनवर, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या करात, सूट मिळते, पण डिपॉझिट म्हणजे घर विकत घेणं नाही, तिथं ती सूट धरून चालू नका. विकायच्या आधी सीएला भेटा, नंतर भेटून तो काही करू शकत नाही.

वृद्धाश्रम आणि केअर सेंटर

वृद्धाश्रम म्हटलं की घरात अजूनही रडारड होते. मला हे मान्य नाही. पुण्यातलं निवारा १८६३ पासून आहे, म्हणजे ही काही कालपरवाची पश्चिमेकडची हवा नव्हे. राज्य सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना पण १९९५ पासूनची. कितीतरी एकटे लोक तिथं समवयस्कांत आनंदात राहतात आणि घरी चार भिंतींत टीव्हीसमोर बसलेल्यापेक्षा बरे दिसतात. प्रश्न जागा चांगली आहे का एवढाच आहे.

ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि हिशोब बघायला मागा. मग प्रवेशाच्या अटी, बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात, स्थानिक पालक म्हणून कुणाची तरी सही लागते, आजारी पडल्यावर हॉस्पिटलमध्ये सोबत कोण राहणार हे त्या पालकावरच असतं. अंथरुणावरच्या किंवा डिमेन्शियाच्या पेशंटसाठी वेगळी केअर सेंटर असतात, पाटीवर केअर लिहिलंय म्हणून आत नर्स असेलच असं नाही, रात्री ड्युटीवर किती जण आणि किती पेशंटमागे हे विचारायचं.

बघायला जाताना वेळ ठरवून एकदा जा, तेव्हा ऑफिसमध्ये चहा मिळेल आणि बाग दाखवतील. मग दुसऱ्यांदा न कळवता संध्याकाळी सात-साडेसातला जा, जेवणं आटोपत आलेली असतात आणि दिवसपाळीचा स्टाफ निघालेला असतो. आत शिरल्यावर आधी वास, फिनाईलचा फार उग्र वास असेल तर ते काय झाकायला मारलंय याचा विचार करा. ताटात काय उरलंय ते बघा, सगळ्यांच्या ताटात चपात्या तशाच असतील तर त्या चावत नाहीयेत, ज्यांना दात नाहीत त्यांना मऊ भात-वरण, कुस्करलेलं काही देतात का. एखाद्या अंथरुणावरच्या आजोबांच्या हातापायाची नखं बघा, वाढलेली नखं म्हणजे अंग पुसायलाच कुणी नीट बसत नाही. पलंगाजवळची बेल दाबून बघा, किती वेळात कोण येतं ते घड्याळावर मोजा. पाण्याचा तांब्या हाताला पोचेल असा ठेवलाय का कोपऱ्यातल्या टेबलावर. आणि बाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या आजींशी दहा मिनिटं गप्पा मारा, ऑफिसच्या माणसाला बाजूला ठेवून. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

पैशाचं एक: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात साठीपुढच्यांकडून राहणं-जेवण-देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेत असतील तर त्यावर जीएसटी लागत नाही. खाजगी कंपनीच्या जागेत लागतो, तेव्हा दर विचारताना "जीएसटी धरून किती" असंच विचारा.

कागदपत्रं, आणि घर नावावर करून देण्याबद्दल

हे कळकळीने सांगते. जिवंतपणी राहतं घर बक्षीसपत्राने मुलांच्या नावावर करू नका. मृत्युपत्र करा, रजिस्टर करा, त्यात ज्याला द्यायचं त्याला द्या, पण आपण दोघं असेपर्यंत मालकी आपली. जवळच्या नात्यात बक्षीसपत्राला स्टॅम्प ड्यूटी अगदी कमी लागते म्हणून लोकांना मोह होतो.

करायचंच असेल तर सांभाळायची अट त्या कागदातच लिहा. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मिळवता येते. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं बक्षीसपत्र पुरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या बाजूने निकाल देताना कोर्टाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या भल्याचा लावावा असं म्हटलं, पण त्या केसमध्ये पण सांभाळायचं वचन लिहून दिलेलं होतं. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, महिना जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत.

नॉमिनी म्हणजे मालक नाही, सोसायटीत नॉमिनेशन भरलंय म्हणून मृत्युपत्र नको असं होत नाही. बँकेची खाती आयदर ऑर सर्व्हायवर करा, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल अशी. पॉवर ऑफ अॅटर्नी दिलीये म्हणून निर्धास्त राहू नका, देणाऱ्याला समज राहिली नाही तर आपल्या कायद्यात ती चालत नाही, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. म्हणूनच डिमेन्शियाची शंका आली की घराचे आणि पैशांचे निर्णय लांबवायचे नाहीत, सही करणाऱ्याला समजतंय तोवरच ते होतात.

घर आहे पण हातात पैसा नाही अशांसाठी रिव्हर्स मॉर्गेज आहे, २००७ च्या बजेटपासून. साठीपुढच्यांना स्वतःच्या राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते, मुदत २० वर्षांपर्यंत, आणि दोघांपैकी एक जण जरी हयात असेल तोवर घर सोडावं लागत नाही. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं नाहीतर बँक विकते. आपल्याकडे फार कमी लोक घेतात कारण मुलांसाठी घर ठेवायचं असतं आणि बँकाही स्वतःहून सांगत नाहीत. मुलं नाहीत किंवा मुलांना या घराची गरज नाही अशांनी जरूर चौकशी करावी.

राहून बघणं, मग हलणं

कुठंही जायचं ठरलं तरी आधी महिनाभर पैसे भरून राहून बघा. बहुतेक सीनियर लिव्हिंगवाल्यांकडे गेस्ट म्हणून ठेवून घेतात. आठवडाभर पुरत नाही, पहिला आठवडा पाहुण्यासारखा जातो, तिसऱ्या आठवड्यात जेवणाचा कंटाळा येतो, दुपारी तीन ते पाच करायचं काय हे कळतं, डॉक्टर खरंच येतात का ते कळतं. दोघांपैकी एकालाच आवडलं असं झालं तर घाई करू नका.

हलताना सामान ज्याचं त्याला निवडू द्या. मुलं येऊन दोन दिवसांत सगळं भंगारात आणि अर्बन कंपनीला बोलावून साफ, असं करतात, आणि आई वर्षभर आपली पोळपाट-लाटणी शोधत बसते. देवघर, रोजची खुर्ची, चहाचं भांडं, पलंगाची बाजू हे जसंच्या तसं नव्या जागी लागलं की झोप लवकर लागते. पलंगावरून संडास ज्या बाजूला होता त्याच बाजूला येईल असा पलंग लावता आला तर फारच उत्तम, रात्री अर्धवट झोपेत पाय सवयीने तिकडेच वळतात.

पत्ता बदलायची यादी करा: आधार, बँक, गॅस, मेडिक्लेम, मतदार यादी, पेन्शनची बँक. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाईलवरून चेहरा दाखवून पण होतो, त्यासाठी जुन्या शहरात जायची गरज नाही. औषधांची आणि ऑपरेशनची एक फाईल, वर ब्लड ग्रुप आणि दोन फोन नंबर, ती नव्या जागेच्या ऑफिसमध्ये एक आणि पलंगाच्या खणात एक.

जुनं घर पहिलं वर्षभर तरी भाड्यानेच ठेवा, आणि करार ११ महिन्यांचाच करा, म्हणजे परत यावंसं वाटलं तर यायला जागा आहे.